चौदा नंबरच्या यजमानांची चाल

प्रणिता पगारे आपली गाडी पेशंटच्या दारात कधी लावत नसे. फिरतीवरच्या इतर मंडळींचं नेमकं उलट. रक्ताचे नमुने नेणारे, कानाची यंत्रं बसवून देणारे, घरी येऊन कुत्र्यांना अंघोळ घालणारे, सगळ्यांची धडपड एकच, की गिऱ्हाइकाच्या पायरीला चाक टेकेल अशी जागा मिळावी. नाशिकच्या सह्यगिरी कॉलनीत शिरलं की प्रणिता मात्र नेरकरांच्या चौदा नंबरच्या बंगल्यावरून सरळ पुढे जाई, आठ-नऊ घरं मागे टाकून खैरनारांच्या कुंपणाशी थांबे आणि पाठीला पिशवी, काखेत व्यायामाची चटई अशी तेवढं अंतर पायी मागे येई.

खैरनारांना हे बिलकूल पटत नसे. ते कॉलनीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून कॉलनीतलं प्रत्येक चाक कुठे थांबतं यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे. पाहुणी नेरकरांची आणि गाडी आमच्या दारात, हा कुठला शिष्टाचार, असं त्यांनी तिला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा प्रणिताने त्यांच्या कडुनिंबाच्या सावलीचं कौतुक केलं. कौतुकाने माणूस विरघळतो असा तिचा अनुभव होता. खैरनार काही विरघळले नाहीत, पण तेवढ्यापुरते गप्प बसले.

खरं कारण चौदा नंबरात राहत होतं. दिगंबर नेरकर, वय चौऱ्याहत्तर, भूमापनातले निवृत्त मोजणीदार. उभी हयात उन्हातान्हात शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग पावलं आखूड झाली, मग आवाज बसत गेला. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं, गोळ्या दिल्या, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून प्रणिताला आठवड्यातून तीन दिवस घरी जायला सांगितलं. काकांनी गोळ्या निमूट घेतल्या. व्यायामाला मात्र त्यांचा ठाम नकार. चटईवर पडून पाय वर करणं त्यांना लाजिरवाणं वाटे आणि कारण नसताना गल्लीत फेऱ्या मारणं हे रिकामटेकड्यांचं काम वाटे.

एक रिवाज मात्र काका कधी मोडत नसत. घरी आलेल्या माणसाला ते वाहनापर्यंत पोचवायला जात. मग तो नात्यातला असो की पाण्याचं मीटर बघायला आलेला. निरोप फाटकाशी द्यायचा नाही, वाहनाशी द्यायचा, आणि वाहन वळणावर दिसेनासं होईपर्यंत तिथून हलायचं नाही. हे ध्यानात आलं त्या दिवशी प्रणिताच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या भेटीला तिने गाडी एक घर पुढे लावली. मग दोन घरं, मग तीन. फेब्रुवारीत सुरू केलेला हा उद्योग जूनपर्यंत खैरनारांच्या कुंपणाला जाऊन टेकला. जाऊन-येऊन पाव किलोमीटर. व्यायामाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारे काका तेवढं अंतर बिनबोभाट चालत होते आणि वाटेत तिला बांधावरून डोकी फोडून घेणाऱ्या भावाभावांचे किस्से ऐकवत होते. पंधरा वर्षांच्या कामात तिला सापडलेला हा सगळ्यात गुणकारी उपचार होता.

घरात दुसरं माणूस म्हणजे शैलजाकाकू. तीस वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, ताठ, पायांत अजून मैदानाचा जोर. गेली चार वर्षं त्यांची आठवण मात्र विरत चालली होती. प्रणिताचं नाव त्या दर भेटीत नव्याने विचारत. गॅस चालू राही, नळ वाहत राही, कधी भर दुपारी त्या शाळेची वेळ झाली म्हणून निघत. अशा रुग्णांसाठी नियम सरळ होता. सोबत राहून सांभाळणारी सक्षम व्यक्ती असेल तोवर घरी राहता येईल. नसेल, तर शहराबाहेरच्या स्मृतिनिवासात. तिथे नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस भेटायला जाता येई, राहता येत नसे. नेरकरांना मूलबाळ नव्हतं. सांभाळणारी सक्षम व्यक्ती म्हणून काकांनी नोंदीत स्वतःचं नाव घातलं होतं, आणि कंपवाताचा उल्लेख कुठे केला नव्हता. कॉलनीत सांगितलं होतं गुडघेदुखी. प्रणितालाही त्यांनी भेटीच्या कागदांवर गुडघेदुखीच लिहायला लावलं. तिच्या जिवावर आलं होतं, पण तिने लिहिलं.

ऑगस्टमध्ये कॉलनीत ‘पायरव’ आलं.

शहरातल्या रस्त्यांखाली जुन्या काचतंतूंच्या केबल पडून होत्या. कोणे एके काळी इंटरनेटसाठी टाकलेल्या, त्यातल्या निम्म्या कधी वापरल्याच गेल्या नव्हत्या. अशा केबलच्या एका टोकाला यंत्र बसवायचं. ते सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका आत सोडतं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष असतात, आणि त्या प्रत्येक दोषावरून किंचितसा प्रकाश मागे फिरतो. वरची जमीन हादरली की काचेचा धागा कणभर ताणला जातो आणि मागे फिरणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून हादरा कुठे बसला ते मीटरभराच्या फरकाने कळतं. म्हणजे एकही खड्डा न खणता चाळीस किलोमीटर केबलला चाळीस हजार कान फुटले.

सुरुवातीला या कानांनी जमिनीखालचे फुटके नळ शोधून दिले. मग गाड्या ओळखायला सुरुवात केली, कारण प्रत्येक गाडीची थरथर वेगळी. कोणती गाडी कुठे उभी आहे, किती वेळ, नेमून दिलेल्या रेषेत आहे की दुसऱ्याच्या फाटकात घुसली आहे, सगळं कळू लागलं. कॅमेऱ्यांना लोकांनी कडाडून विरोध केला होता. पायरवला कोणीच केला नाही. रस्ता चेहरा बघत नाही, नुसता ऐकतो, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. आता जशी प्रत्येक गाडीची थरथर वेगळी तशी प्रत्येक माणसाची चालही वेगळी असते. पण पावलांना नाव द्यायचं नाही, ती अनामिकच ठेवायची, असा कायदा होता. त्याला अपवाद एकच. फिरतीवरचा माणूस भेटीसाठी म्हणून जागा अडवतो आणि प्रत्यक्षात भलतीकडेच जातो, अशा तक्रारी फार होत्या. म्हणून नोंदवलेल्या भेटीत रस्ता खातरजमा करी. गाडीतून उतरलेली पावलं सांगितलेल्या घरात गेली का, आणि निघताना त्या घराचा यजमान सोबत बाहेर आला का. तेवढ्या पावलांपुरतं नाव जोडलं जाई.

प्रणिताने आधी नोंदणीचा कंटाळा केला. मग खैरनारांची रीतसर तक्रार आली आणि तिच्या फिरती परवान्यावर ताशेरा पडला. त्यात काही चूक नव्हती, हे तिलाही मान्य होतं. दुसऱ्याच्या दारात न विचारता गाडी लावू नये, एवढं तर कोणीही शिकवतं. तेव्हापासून तिने सगळं शिस्तीत करायला सुरुवात केली. खैरनारांच्या घरी जाऊन हात जोडून आली, त्यांच्या कुंपणाशी पाऊण तासाची जागा रीतसर मागून घेतली, आणि दर भेटीला पायरवच्या अर्जात न चुकता भरलं: भेटीचं घर चौदा, कारण फिजिओथेरपी, यजमान दिगंबर नेरकर. खैरनार खूश झाले. एकदा तर त्यांनी तिच्यासाठी गाडीखालची वाळलेली पानंसुद्धा झाडून ठेवली होती.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती डबा भरत असताना मोबाइलवर सूचना आली. घर क्रमांक चौदाच्या यजमानांच्या चालीत गेल्या वीस भेटींत लक्षणीय बदल आढळला आहे. पाऊल आखूड, पाय घासत, वळताना खंड. या घरात अवलंबून असलेली व्यक्ती नोंदलेली आहे. सबब पुढील भेटीत चाल पुन्हा तपासली जाईल. ठीक आढळल्यास ही सूचना आपोआप रद्द होईल. अन्यथा अवलंबून असलेल्या व्यक्तीला स्थलांतरित करण्याची कार्यवाही सुरू होईल.

तिने पोळीवरचा हात तसाच ठेवून दोनदा वाचलं. मग पायरवच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. कोणी चहाडी केली का, असं प्रणिताने विचारलं, तर छे, कोणी नाही, असं ती म्हणाली. रस्त्यावर दिवसभर हजारो पावलं पडतात, ती सगळी पुसून टाकली जातात. ही तेवढी राहिली, कारण त्यांना नाव होतं.

“तुम्ही इतकी नीट नोंदणी केलीत म्हणून तर कळलं, मॅडम,” ती मुलगी म्हणाली. “बरेच जण करतच नाहीत.”

फोन ठेवल्यावर प्रणिताला स्वतःचाच संताप आला. मग रस्त्याचा आला. आणि सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला, की रस्त्याने जे ऐकलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाऊल आखूड होतंय हे तिला दिसत होतं. वळताना काकांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, हेही तिला ठाऊक होतं. ते आपण सावकाश सुधारू अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. एका यंत्राने ती समजूत पुसून टाकली.

भेटीचा दिवस नसतानाही दुपारी ती गेली, मुद्दाम रिक्षाने, म्हणजे भेट नोंदवायची भानगड नको. काकू अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या आणि काढलेले पुन्हा वाळत घालत होत्या. काकांना तिने आत बसवून सगळं सांगितलं. गाडी लांब लावायची युक्तीही कबूल केली. ती युक्ती नसती, तर रस्त्याला त्यांची चारच पावलं ऐकू आली असती, वीस भेटींची चाल हाती लागली नसती, हेही तिने सांगून टाकलं.

काकांनी उजवा हात डाव्या हातात धरला.

“युक्ती मला पहिल्या महिन्यातच कळली होती, ताई,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की ती पुढे झुकली. “मोजणीदाराला अंतर फसवत नाही. खैरनारांच्या खांबापर्यंत जूनमध्ये दोनशे पावलं पडत होती. परवा दोनशे एकाहत्तर पडली. खांब काही हललेला नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही गाडी जवळ लावली असती.”

त्यांनी दिवाळीपर्यंतचा वेळ मागितला. दिवाळीला शैलाच्या बहिणी येतात, शैला त्यांना अजून ओळखते, एवढी दिवाळी तिला घरात होऊ द्या, मग मी स्वतः जाऊन सांगेन, असं ते म्हणाले. प्रणिताने मान हलवली खरी, पण वेळ देणं तिच्या हातात कुठे होतं. पुढची भेट परवावर आली होती. गाडी फाटकाला खेटून लावावी, तर तेवढ्या चार पावलांतही पाय अडखळणारच. काकांना आत ठेवावं, तर यजमान बाहेर न आल्याची नोंद होणार.

तोडगा काकांनीच काढला. रस्ता चेहरा बघत नाही ना, मग पोचवायला शैला जाईल. माझ्या चपला घालून जाईल. उंचीला आणि वजनाला ती माझ्या बरोबरीची आहे, चाल तर माझ्या तरुणपणच्या चालीहून चांगली. रस्त्याला वाटेल म्हाताऱ्याला औषध लागू पडलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी मिश्कील हसू आलं आणि त्या हसण्यापुढे प्रणिता विरघळली. आपण एका खोट्यावर दुसरं खोटं रचतोय हे तिला कळत होतं. पण दोन माणसांना ताटातुटीपासून वाचवायला एवढं खोटं चालेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

परवा उजाडला. संध्याकाळी पाचला व्यायाम संपवून प्रणिताने काकूंच्या पायात काकांच्या चपला सरकवल्या. काकूंनी काहीच हरकत घेतली नाही. काका फाटकाचं लोखंड धरून उभे राहिले आणि या दोघी निघाल्या. काकूंची पावलं रस्त्यावर अशी ठणठणीत पडत होती की प्रणिताला हायसं वाटलं.

“तुमचं नाव काय म्हणालात?” काकूंनी विचारलं.

“प्रणिता.”

“चाल बरी आहे तुमची. पण खांदे पाडून चालता. छाती पुढे काढा.”

प्रणिताने छाती पुढे काढली. खैरनारांच्या कुंपणाशी पोचल्यावर तिने काकूंचे दोन्ही खांदे धरून त्यांना घराकडे वळवलं, लांबून फाटकात दिसणारे काका दाखवले आणि सरळ त्यांच्याकडे जायचं असं दोनदा बजावलं. काकूंनी होकार दिला. प्रणिता गाडीत बसली. समोरच्या पडद्यावर तपासणी चालू असल्याचा ठिपका फिरत होता. ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. एक मिनिट, सव्वा मिनिट. मग अक्षरं हिरवी झाली: घर क्रमांक चौदा, यजमानांची चाल स्थिर, सूचना रद्द.

तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला. आरशात बघितलं तर काका फाटकाशीच उभे होते आणि त्यांचा उजवा हात वर होता, हलत होता. निरोप देतायत असं तिला वाटलं. तिनेही काचेतून हात हलवला आणि गाडी सुरू केली.

वळणावर पोचल्यावर तिने करकचून ब्रेक दाबला. काका कधीच हात हलवत नसत. हाताची थरथर कोणाला दिसू नये म्हणून ते तो कायम दुसऱ्या हातात धरून ठेवत. आणि मघाशी आरशात, फाटकापर्यंतच्या अख्ख्या रस्त्यावर, काकू नव्हत्या.

ती गाडी तशीच टाकून धावत मागे आली. काका अजून तिथेच होते. फाटकाबाहेर एक पाऊल पडलं होतं, दुसरं उंबऱ्याशी चिकटलं होतं आणि ते उचलता उचलत नव्हतं. ते हाका मारत होते. जवळ येईपर्यंत तिला त्या ऐकूच आल्या नाहीत.

“माघारी वळलीच नाही,” ते म्हणाले. “तुमच्या गाडीच्या पुढून गेली. शाळेच्या वेळेला जाते तशी गेली. मी ओरडत होतो.”

प्रणिताने मागची गल्ली बघितली, मग त्याच्या मागची. तिच्या हाका ऐकून खैरनार बाहेर आले, काय झालं ते एका वाक्यात समजून घेतलं आणि एक शब्द न विचारता स्कूटर काढून मोठ्या रस्त्याच्या दिशेने गेले. दहा मिनिटांनी एकटेच परतले. मोठ्या रस्त्यावर संध्याकाळची वाहनं सुसाट होती, असं तेवढं म्हणाले आणि मग म्हटल्याचं त्यांनाच वाईट वाटलं.

प्रणिताने मदत केंद्राला फोन लावला. तीच गोड आवाजाची मुलगी. चौदा नंबरचे यजमान ना, ठीक आहेत, आत्ताच तपासणी झाली, असं ती म्हणाली. एक बाई हरवल्या आहेत, त्या आत्ता कुठे चालतायत ते सांगा, असं प्रणिताने विनवलं. मुलीलाही वाईट वाटत होतं, पण तिचा नाइलाज होता. भेट संपल्यानंतरची पावलं अनामिक. रस्त्याला ती ऐकू येत असणार, पण नाव असल्याशिवाय ती कोणाची ते सांगता येत नाही.

“हां, मघाशी यजमान म्हणून नोंदलेली पावलं त्या बाईंचीच होती असं कोणी सांगितलं, तर त्या चालीवरून लगेच शोधता येईल,” ती म्हणाली. “पण तसं होतं का, मॅडम?”

एक शब्द बोलला की काकू सापडणार, आणि तोच शब्द बोलला की त्या या घरातून जाणार. अजून पाच मिनिटं शोधू, टाकीकडची बाजू राहिली आहे, असं प्रणिताचं मन म्हणत होतं. तिने काकांकडे बघितलं. खैरनारांनी खुर्ची आणून त्यांना फाटकाशी बसवलं होतं. फोनवरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

“सांगा,” काका म्हणाले.

“काका, अजून थोडं—”

“सांगा. आणि कोणी कळवलं म्हणून विचारतील, तिथे माझं नाव घाला. तुमचं नको.”

प्रणिताने सांगितलं. चालणाऱ्या शैलजा नेरकर होत्या. दिगंबर नेरकरांना कंपवात आहे, दोन वर्षांपासून, आणि त्यांना धावत जाऊन कोणाला थांबवता येत नाही. सांगणाऱ्याचं नाव दिगंबर नेरकर. पलीकडे कळफलकाचा आवाज झाला आणि मग उत्तर आलं. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, नव्या उड्डाणपुलाचा चढ सुरू होतो तिथे, डाव्या कडेला. चाल थांबलेली आहे. स्थिर उभ्या आहेत.

खैरनार पुरतं ऐकायच्या आत स्कूटरवर बसले होते.

प्रणिता काकांच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसली. फोनवर दुसरी सूचना आली होती: काकूंना न्यायला गाडी येणार, सोमवारी सकाळी दहाला. ती तिने वाचून दाखवली नाही, पण काकांनी वेळ विचारली तेव्हा सांगितली. स्वतःचं नाव का घालायला सांगितलंत, असं तिने शेवटी विचारलं. माझी चूक होती, मी पडद्याकडे बघत बसले, माझंच नाव द्यायला हवं होतं.

“तिला कधी कळलंच,” काका म्हणाले, “तर रागवायला तिचं हक्काचं माणूस हवं. तुमच्यावर रागावून तिला काय मिळणार? तुमचं नावसुद्धा तिला आठवायचं नाही.”

थोड्या वेळाने स्कूटर आली. काकू मागे ताठ बसल्या होत्या. एक चप्पल कुठेतरी पडली होती, तळव्याला खरचटलं होतं, पण चेहरा प्रसन्न होता. प्रणिता त्यांना आत घेऊन जायला उठली, तर काकांनी हाताने थांबवलं. तिला इथेच बसवा, माझ्यासमोर, असं ते म्हणाले. खैरनारांनी आणखी एक खुर्ची आणली आणि ते शहाण्या माणसासारखे आपल्या घराकडे निघून गेले. प्रणिता पाण्याची वाटी आणि कापूस घेऊन काकूंचा तळवा पुसायला बसली.

काकांनी बायकोला सांगितलं. सरळ, काही न लपवता. मला कंपवात आहे. मला तुला सांभाळता येत नाही. आज तू हरवलीस आणि मी फाटकातून हललो नाही. सोमवारी गाडी येईल आणि तुला दुसरीकडे राहायला नेईल. मी आठवड्यातून दोनदा येईन. हे मीच कळवलं.

काकूंनी सगळं ऐकलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता गेली आणि डोळ्यांत समज आली, जी प्रणिताने गेल्या वर्षभरात पाहिली नव्हती.

“मला न विचारता?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अहो, मला एका शब्दाने विचारलं नाहीत?”

“नाही विचारलं. चुकलं माझं.”

काकूंनी तोंड फिरवलं. काका त्यांच्याकडे बघत खुर्चीत तसेच बसून राहिले, काही समजावलं नाही, पुन्हा माफी मागितली नाही. रागाला पूर्ण जागा दिली. प्रणिताला तिथे बसवेना, पण तळव्यात एक खडा रुतला होता, तो काढल्याशिवाय उठताही येईना.

खडा निघाला. पट्टी बांधून झाली. तोवर काकूंच्या कपाळावरची आठी सैल पडली, मान परत वळली आणि त्यांनी समोरच्या माणसाकडे नव्याने पाहिलं.

“तुमचा हात का हो एवढा कापतोय?” त्यांनी काळजीने विचारलं.

प्रणिताने काकांकडे बघितलं. आता गप्प बसायची मुभा होती. सोमवारपर्यंत काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, थंडी वाजतेय म्हटलं असतं तरी. काकांनी दुसऱ्या हातात धरलेला उजवा हात सोडला आणि बायकोच्या गुडघ्यावर ठेवला.

“शैला, मला कंपवात आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगू लागले.